शिळाछापापासून फोनच्या वहीपर्यंत

सुरत शहराच्या दक्षिण अंगाला, उधना ओलांडून नवसारीच्या दिशेने निघाले की पांडेसरा लागते. एका बाजूला औद्योगिक वसाहत, तिच्यात कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या मिलांची धुराडी, आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांना खेटून उभ्या राहिलेल्या खोल्यांच्या वस्त्या. माझी बायको खानदेशची, अमळनेरकडची. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, गेली कितीतरी वर्षे पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये कामाला आहे. जानेवारी २०२१ मध्ये तो मोठ्या आजारातून उठला म्हणून आम्ही दोघे त्याला भेटायला गेलो होतो. संक्रांतीचा आठवडा. सुरतेत संक्रांत म्हणजे पतंग! दिवसभर गच्च्यांवर आरडाओरडा, आभाळ रंगीबेरंगी आणि जिन्यात मांजाचा गुंता.

पण संध्याकाळी आठ वाजता एक गंमत पाहिली. मेहुणा पाळीवरून आला, हातपाय धुवायलाही गेला नाही, आणि दारात पाच मुले येऊन उभी राहिली. त्याने खिशातला फोन काढून आपल्या मुलीच्या हातात दिला. ती तेव्हा सातवीत होती. सगळी मुले जिन्याच्या पायऱ्यांवर बसली. भाची फोनवर आलेला शाळेचा अभ्यास मोठ्याने वाचू लागली, दोघे वहीत उतरवून घेऊ लागले, एक जण गणित सोडवून दाखवू लागला, आणि सर्वांत धाकटा नुसताच फोनच्या उजेडाकडे बघत बसला. नऊ वाजता फोन परत गेला, कारण सकाळी सात वाजता तो पुन्हा मेहुण्याबरोबर मिलमध्ये जायचा.

"मग दिवसभर काय करता?" मी विचारले.

भाचीने दोनशे पानी वही दाखवली. वर लिहिले होते, 'फोनची वही'. रात्री जे फोनवर आले ते सगळे हिच्यात उतरवायचे, आणि दिवसा ही वही मजल्यामजल्यावर फिरायची. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनी तिच्यातूनच घ्यायचे. कुणाला काही अडले तर समासात प्रश्न लिहायचा, ज्याला येईल त्याने खाली उत्तर लिहायचे, आणि कुणालाच आले नाही तर रात्री फोनवरून बाईंना विचारायचे. एका पानावर अपूर्णांकाच्या एका गणिताखाली चार वेगवेगळ्या अक्षरांतली चार उत्तरे होती. पहिली तीन खोडलेली!

मी सरकारी कचेरीतला कारकून. टिप्पणीखाली टिप्पणी, तिच्याखाली शेरा, हे आमचे रोजचेच काम. पण ती वही पाहून मला फाईल आठवली नाही, विकिपीडिया आठवला. कुणीही लिहावे, कुणीही दुरुस्त करावे, आणि आधी कुणी काय लिहिले होते तेही पानावर राहावे, ही त्या संकेतस्थळामागची सगळी कल्पना या मुलांनी नाव न ऐकता कागदावर उतरवली होती. 'शिक्षणात तंत्रज्ञान' या विषयावर आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा यंत्रे किती वाटली याविषयी असते. एका यंत्राभोवती माणसे कशी बसली, हा प्रश्न मागेच राहतो. त्या वहीमुळे मी याच प्रश्नाचा इतिहास धुंडाळू लागलो. आणि गंमत अशी की तो शोध मला फिरून सुरतेतच घेऊन आला.

पण आधी पांडेसऱ्याविषयी थोडे सांगायला हवे. सुरतेत खानदेशी माणूस आला तो ताप्ती व्हॅली रेल्वेच्या रुळांवरून. सुरतेहून नंदुरबार, अमळनेरकडे जाणारी ही लाईन १९०० च्या सुमारास सुरू झाली. आधी शेतीचा माल, मग माणसे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कोरडवाहू गावांतून पिढ्यान् पिढ्या लोक लूमवर आणि मिलांत कामाला येत राहिले, आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थिरावले. त्यांच्या शेजारी ओडिशाचे, उत्तर प्रदेशचे, बिहारचे कामगार. त्यामुळे भाचीचे दिवसाचे भाषिक वेळापत्रक असे असते: घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती, आणि जिन्यात खेळताना हिंदी. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. एका शहराच्या पालिकेने सात भाषांतून मुलांना शिकवावे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आम्हां गोवेकरांना दोन भाषांचा संसार सांभाळताना काय होते ते आम्हीच जाणतो!

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, आणि महिनाअखेरीस याच पांडेसऱ्यात शेकडो कामगार 'आम्हाला गावी जाऊ द्या' म्हणून रस्त्यावर उतरले. मिला बंद, मजुरी बंद, शाळा बंद. जूनपासून गुजरात सरकारने दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवरून धडे सुरू केले. तिकडे महाराष्ट्रात जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएलची 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. डिशच्या कृपेने दोन्ही वाहिन्या पांडेसऱ्यात दिसत. म्हणजे कागदावर पाहिले तर भाचीला एक सोडून दोन दूरचित्रवाणी शाळा मिळाल्या होत्या. प्रत्यक्षात काय झाले? गिरनारवरचे धडे मुख्यतः गुजरातीत. टिलीमिली मराठीत, पण ती महाराष्ट्राच्या बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेली. आणि भाचीचे पुस्तक होते गुजरात राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाचे, मराठी माध्यमाचे. अभ्यासक्रम एकाचा, भाषा दुसऱ्याची.

ती मला म्हणाली, "मामा, टीव्हीवर आमची भाषा आहे तर आमचा धडा नाही, आणि आमचा धडा आहे तर आमची भाषा नाही."

हे वाक्य ऐकून मला आमचे आजोबा आठवले. पोर्तुगीज अमदानीत ते गोव्यातल्या एका खाजगी मराठी शाळेत शिकले. पुस्तके सरहद्दीपलीकडून येत. भूगोलाच्या पुस्तकात मुंबई इलाखा, आणि खिडकीबाहेर पोर्तुगालचा झेंडा! राज्य एकीकडे आणि भाषा दुसरीकडे असली की मूल मधल्या मधे राहते, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. साधनांची टंचाई म्हणजे नुसती वीज नाही, फोन नाही, एवढेच नव्हे. यंत्र हातात असूनही त्यात आपल्यासाठी काही नसणे, ही दुसरी टंचाई. आणि ती जास्त चिवट असते.

आता सुरतेचा जुना इतिहास. १८४० च्या दशकात सुरतेत दुर्गाराम मंछाराम नावाचे एक मास्तर होते. गुजरातेत ते दुर्गाराम मेहताजी म्हणून ओळखले जातात. मेहताजी म्हणजे शाळामास्तर. त्याच सुमारास मुंबईहून एक मराठी शिक्षक सुरतेच्या इंग्रजी शाळेत नोकरीला आले. त्यांचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. होय, तेच दादोबा, ज्यांच्या १८३६ च्या मराठी व्याकरणाने आपल्याला कर्ता-कर्म-क्रियापद शिकवले! दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास अशा पाच जणांची तिथे मैत्री जमली. सर्वांची नावे 'द' वरून सुरू होणारी, म्हणून गुजराती इतिहासात हे पाच 'दद्दा' प्रसिद्ध आहेत. १८४४ मध्ये त्यांनी मानवधर्म सभा काढली. जातिभेद, जादूटोणा, विधवांचे हाल यांवर तिथे उघड चर्चा चाले. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याच्या दोन वर्षे आधीची. १८४२ मध्ये या मंडळींनी पुस्तक प्रसारक मंडळी स्थापन केली आणि सुरतेत शिळाछापाचे यंत्र आणले.

शिळाछाप निवडण्यात मोठे शहाणपण होते. खिळ्यांच्या छपाईला अक्षरांचे साचे ओतावे लागतात, आणि आपल्या लिप्यांत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागतात. त्याला भांडवल हवे. शिळाछापात सुवाच्य अक्षर असलेल्या माणसाने खास शाईने कागदावर लिहायचे, ते दगडावर उतरवायचे, आणि दगडावरून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. म्हणजे ज्याला लिहिता येते त्याचे लिहिणे छापता येते. मुंबईहून पुस्तके येण्याची वाट बघण्यापेक्षा आपल्याला हवे ते आपणच लिहून छापू, असा त्यामागचा विचार. पाच मित्र, एक दगड, आणि शहरभर वाचक. सभेच्या बैठकांची टिपणेही दुर्गाराम ठेवत. पुढे महिपतराम रूपराम यांनी त्यांचे चरित्र लिहिले ते या टिपणांच्या आधारे.

यात मला दोन गोष्टी दिसतात. यंत्र एकच होते, आणि त्यावर काय छापायचे ते वापरणाऱ्यांनीच ठरवले. एक मराठी माणूस गुजराती मित्रांबरोबर बसून हे करत होता, ही तिसरी गोष्ट. पांडेसऱ्याच्या मुलांना हा धडा त्यांच्या शहराचा म्हणून कुणी शिकवला तर किती बरे होईल!

दुसरा दाखला भाचीच्या मूळ गावाकडचा. १९२० च्या दशकात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहाचेही काम पाहत. तिथे ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालवत. रोज हाताने लिहिलेले! एकच प्रत, वाचणारे सारे वसतिगृह. पुढे 'विद्यार्थी' नावाचे मासिकही त्यांनी काढले. छापखान्याचा खर्च परवडत नाही म्हणून वर्तमानपत्र नाही, असे त्यांनी म्हटले नाही. एका प्रतीभोवती मुले जमतात, आणि जमली की बोलतात, हे त्यांना माहीत होते.

आता थेट १९५६ मध्ये येऊ. स्वातंत्र्यानंतर सरकारपुढे प्रश्न होता की रेडिओ गावात पोचला तरी त्याचा उपयोग होतो का? युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. मुंबई राज्यातल्या मराठी मुलखातले पाच जिल्हे आणि सुमारे दीडशे गावे निवडली. गावागावांत श्रोत्यांची मंडळे बांधली. कल्पना कॅनडातली, १९४१ पासून तिथल्या शेतकऱ्यांत चाललेली. फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. पंधरा-वीस जण एका रेडिओभोवती बसून तो ऐकत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि चर्चा करायची. मंडळाचा चिटणीस चर्चेचा सारांश आणि प्रश्न टपालाने पुण्याला पाठवी, आणि पुढल्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांची उत्तरे येत.

विचार करा, रेडिओ हे एकतर्फी यंत्र. ते बोलते, ऐकत नाही. पण एक पोस्टकार्ड आणि एक चिटणीस जोडल्यावर तेच यंत्र दुतर्फी झाले! मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली, आणि तिचे काम पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने पाहिले. त्यांनी तीन प्रकारची गावे तपासली. एक, जिथे रेडिओ आणि मंडळ दोन्ही होते. दोन, जिथे नुसता रेडिओ होता. तीन, जिथे रेडिओच नव्हता. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक पडला नव्हता. माझ्या मते आपल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे, आणि तो मराठी गावांतून निघाला आहे. यंत्र होते म्हणून लोक शिकले नाहीत. यंत्राभोवती बसून बोलले म्हणून शिकले.

पुढे गुजरातेत याची आणखी मोठी आवृत्ती झाली. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्यात आली. हाच तो प्रसिद्ध 'साइट' प्रयोग. विक्रम साराभाईंनी पाहिलेले हे स्वप्न, पण ते प्रत्यक्षात आले तेव्हा ते हयात नव्हते. सकाळी शाळकरी मुलांसाठी दीड तासाचे कार्यक्रम असत, आणि एका संचासमोर सारी शाळा बसे. त्याच वेळी खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी एक लहानसे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. त्याचे वैशिष्ट्य असे की कार्यक्रमांत त्याच जिल्ह्यातली गावे, तिथलीच बोली, तिथलेच प्रश्न आणि पुष्कळदा तिथलीच माणसे असत. दिल्लीचा कार्यक्रम गावात दाखवणे वेगळे आणि गावाचा कार्यक्रम गावात दाखवणे वेगळे. १९८५ च्या सुमारास पीजचे केंद्र बंद झाले. मोठ्या मनोऱ्यांचे दिवस आले होते. मोठ्या मनोऱ्याचा आवाज लांब पोचतो खरा, पण त्याला लहान गावाचे नाव माहीत नसते.

महाराष्ट्रात २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. माझ्या वयाच्या किती वाचकांना तिची सुरावट अजून आठवत असेल! कितीतरी वर्षे तिने मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम केले आणि २०१७ मध्ये ती बंद पडली. तीनच वर्षांनी, टाळेबंदीत, मराठी मुलांसाठी दूरचित्रवाणीवरचे धडे नव्याने तयार करावे लागले. काही गोष्टींचे मोल त्या गेल्यावर कळते ते असे.

मग आला संगणक. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्र यांनी झोपडपट्टीलगतच्या भिंतीत एक संगणक बसवून ठेवला, आणि मुले एकमेकांना दाखवत तो वापरायला शिकली. पुढे आमच्या शेजारच्या सिंधुदुर्गातही असे संगणक बसले. त्या प्रयोगावर वादही झाले. मास्तरांशिवाय मुले किती आणि काय शिकणार, हा त्यातला मुख्य आक्षेप, आणि तो मला बरोबर वाटतो. पण एका पडद्यापुढे चार-पाच मुले असली की त्यांतले एक आपोआप मास्तर होते, एवढे मात्र त्यातून दिसले. आमच्या गोव्यात २००२ च्या सुमारास सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक येऊ लागले. आमच्या वाड्यावर पहिला आला तेव्हा तिन्हीसांजा त्या घरात दिवजांच्या जत्रेसारखी गर्दी व्हायची. ज्याच्या घरी संगणक तो एक, आणि खांद्यावरून वाकून बघणारे आम्ही दहा.

याच काळात, १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी मराठी विकिपीडिया सुरू झाला. इतका वेळ सांगितलेल्या साऱ्या साधनांहून तो एका बाबतीत वेगळा होता. शिळाछापाचा दगड सुरतेत, रेडिओचे केंद्र पुण्यात, मनोरा पीजला. त्या यंत्रांपर्यंत पोचल्याशिवाय बोलता येत नसे. विकिपीडियावर मात्र वाचणारा तोच लिहिणारा. कोकणीच्या बाबतीत आम्ही हे जवळून पाहिले. गोवा विद्यापीठाने सिद्ध केलेला चार खंडांचा कोकणी विश्वकोश २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला झाला, म्हणजे त्यातला मजकूर कुणीही विकिपीडियासाठी घेऊ शकेल असा, आणि २०१५ मध्ये कोकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे उभा राहिला. मी मराठीत लिहिणारा माणूस, भाषावादाच्या जखमा आम्ही सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. पण कपाटातले ग्रंथ मुलांसाठी मोकळे करणे या कामाला कोणत्याही भाषेत दाद द्यायलाच हवी.

"अहो, पण इंटरनेटच नसेल तर विकिपीडिया काय कामाचा?" असे कुणी विचारील. त्यालाही २००७ पासून एक उत्तर आहे. 'किविक्स' नावाची फुकट मिळणारी एक संगणकप्रणाली. तिच्यामुळे अख्खा विकिपीडिया एकदाच उतरवून एका संगणकात, फोनमध्ये किंवा पेनड्राईव्हवर ठेवता येतो आणि मग इंटरनेटशिवाय वाचता येतो. शाळेत एक जुना संगणक असला तरी पुरे. वाचन असे झाले. आणि लेखन? ते भाचीच्या वहीसारखे. मुलांनी कागदावर लिहायचे, एकमेकांचे दुरुस्त करायचे, आणि आठवड्यातून एकदा मास्तरांनी, जिथे इंटरनेट असेल तिथे बसून, ते वर चढवायचे. १९५६ च्या चिटणिसाने पोस्टकार्डाने जे केले तेच.

हे स्वप्नरंजन नव्हे, याचा पुरावा सोलापूर जिल्ह्यात आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीला आलेली, शेजारी गुरांचा गोठा. पुष्कळ मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तके मराठी. भाचीचाच प्रश्न, फक्त उलटा! डिसले गुरुजी आधी मुलांची भाषा शिकले, त्या भाषेत पाठ्यपुस्तके नेली, आणि मगच पुस्तकांत क्यूआर कोड चिकटवले. आईवडिलांचा फोन त्या चौकोनावर धरला की कविता ऐकू यावी, धड्याचा व्हिडिओ दिसावा. ही कल्पना पुढे महाराष्ट्राने २०१७ मध्ये राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांसाठी उचलली, आणि नंतर देशपातळीवरही ती गेली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम उरलेल्या नऊ स्पर्धक शिक्षकांत वाटून टाकली. वर्तमानपत्रांत क्यूआर कोडचे कौतुक झाले. ते रास्तच. पण त्या चौकोनाच्या आधी एक मास्तर मुलांची भाषा शिकला होता, हे वाक्य मात्र बातमीच्या तळाशी राहिले.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. एका फोनभोवती सहा मुले बसतात यात सौंदर्य आहे असे म्हणणे मला, पगारी सरकारी माणसाला, सोपे आहे. ती टंचाईच आहे. ग्रामीण भारताच्या 'असर' पाहणीत २०१८ साली शाळकरी मुलांच्या ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२० मध्ये तो ६१.८ टक्के घरांत होता. म्हणजे दोन वर्षांत मोठी वाढ झाली, तरी जवळजवळ चाळीस टक्के घरे कोरडीच. शहरातल्या मजूरवस्तीत फोन असला तरी तो कमावत्या माणसाच्या खिशात असतो. आणि वाटणीतही वाटा सारखा मिळत नाही. जिन्यावरच्या त्या मुलांत फोन हातात धरायची घाई मुलग्यांनाच होती. भाचीचा मान टिकला तो फोन तिच्या बापाचा होता म्हणून, आणि वही तिच्या अक्षरात होती म्हणून. दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी खाली यायचीच नाही, तिला धाकट्या भावाला सांभाळायचे असे. तिच्यापर्यंत फक्त वही पोचायची. फोन पोचला नाही तिथे कागद पोचला, हे खरे, पण तिला फोन मिळायला नको होता का? हवाच होता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की यंत्रे द्याच, पण दोन गोष्टी त्यांच्याबरोबर द्या. एक, यंत्राभोवती बसायची जागा आणि वेळ. त्याच वर्षी गुजरातेतले शिक्षक आळीआळींत जाऊन मुलांना शिकवत होते, त्याला तिकडे 'शेरी शिक्षण' म्हणत. शेरी म्हणजे आळी. भाचीच्या बाईही दोनदा येऊन ओट्यावर बसून गेल्या होत्या, आणि फोनची वही पाहून त्यांनी तिच्यात लाल शाईने सही केली होती. त्या सहीचा भाचीला कोण अभिमान! दोन, यंत्रात मुलांच्या भाषेतले आणि मुलांच्या धड्याचे काहीतरी. हे दुसरे काम गांधीनगरला होणार नाही आणि पुण्यातही होणार नाही, कारण पांडेसऱ्याचे मराठी मूल दोघांच्याही वहीत समासातच आहे. ते काम फक्त सर्वांनी मिळून लिहायच्या जागी होऊ शकते, जिथे सुरतेची बाई, अमळनेरचे मास्तर आणि फोंड्याचा कारकून एकाच पानावर लिहू शकतात.

शाळा पुन्हा उघडल्या, फोन मिलमध्येच राहू लागला, आणि भाची आठवी करून पुढच्या शाळेत गेली. मागच्या वर्षी ती सुट्टीत आमच्याकडे गोव्याला आली होती. मी सहज विचारले, "ती वही आहे का गं अजून?"

"नाही मामा," ती म्हणाली, "ती दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकली. मागची पानं कोरी होती ना."

त्या रात्री मी तिला दादोबांची आणि दुर्गारामांची गोष्ट सांगितली. सुरतेत जन्म जाऊनही तिने ती ऐकलेली नव्हती. मग आम्ही दोघे माझ्या संगणकासमोर बसलो. तिने मराठीत वाक्ये सांगितली, मी टंकलिहीत गेलो, आणि माझी दोन वाक्ये तिने 'फार अवघड' म्हणून खोडायला लावली. कचेरीतले साहेबही माझी टिप्पणी इतक्या सहज खोडत नाहीत! पाच पाच शब्दांची वाक्ये, सहावीच्या मुलाला कळतील अशी. लेख अजून पुरा झालेला नाही. शिळाछाप म्हणजे काय हे सोप्या मराठीत कसे सांगावे यावर आमचे घोडे अडले आहे. ती सुरतेहून फोनवर नवा खर्डा सांगते, आणि मी इथे तो उतरवून घेतो.